शोगी आणि बुद्धिबळ: मारलेली सोंगटी पटावर परत येते तेव्हा

प्रश्न असा आहे: शाळेपासून बुद्धिबळ खेळणारा, रेटिंग १६०० च्या आसपास असलेला आणि सध्या पुण्यात जपानी भाषा शिकणारा खेळाडू शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, शिकायचं म्हणतो. दोन खेळांत नेमका फरक काय, जास्त अवघड कोणता, आणि बुद्धिबळाचा अनुभव उपयोगी पडेल की आड येईल?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. सुरुवातीला अनुभव उपयोगी पडेल आणि नंतर बराच काळ आड येईल. मी दोन्ही खेळ खेळतो आणि शिकवतो. बुद्धिबळाकडून शोगीकडे आलेले विद्यार्थी एका विशिष्ट ठिकाणी अडकतात, आणि तिथे का अडकतात हे सांगितलं की दोन खेळांतला फरक बऱ्यापैकी सांगून होतो.

नियम भराभर उरकतो. पट ९ बाय ९, म्हणजे ८१ घरांचा, आणि घरं सगळी एकाच रंगाची. प्रत्येकाकडे २० सोंगट्या: राजा, एक हत्ती, एक उंट, दोन किन (सोन्याचे सेनापती), दोन गिन (चांदीचे सेनापती), दोन घोडे, दोन भाले आणि नऊ प्यादी. वजीर नाही. हत्ती, उंट आणि राजा आपल्यासारखेच चालतात. किन मागच्या दोन तिरक्या घरांखेरीज सगळीकडे एक घर जातो. गिन समोर एक घर आणि चारही तिरक्या दिशांना एक घर. भाला फक्त सरळ पुढे, वाटेल तितका. घोडा उडी मारतो, पण पुढच्याच दोन घरांत. मागे किंवा बाजूला नाही. प्यादं एक घर सरळ पुढे जातं आणि मारतंही सरळ पुढेच.

समोरच्याच्या बाजूच्या तीन ओळी म्हणजे बढतीचा मुलूख. तिथे शिरलेली, तिथे हललेली किंवा तिथून बाहेर पडणारी सोंगटी उलटी करून बढती घेता येते. प्यादं, भाला, घोडा आणि गिन यांना बढती मिळाली की ते किनसारखे चालतात. हत्तीला चार तिरकी घरं जास्तीची मिळतात, उंटाला चार सरळ घरं. राजा आणि किन यांना बढती नाही. सोंगट्या म्हणजे पाचकोनी, चपट्या लाकडी चकत्या, दोन्ही बाजूंच्या एकाच रंगाच्या. टोक जिकडे वळलेलं असेल त्यावरून सोंगटी कुणाची ते कळतं. रंग एकच असण्यामागचं कारण पुढच्या नियमात आहे.

मारलेली सोंगटी डब्यात जात नाही. ती मारणाऱ्याची होते, पटाशेजारी त्याच्या हातात राहते, आणि पुढे केव्हाही, चाल खेळण्याऐवजी, ती कुठल्याही रिकाम्या घरात उतरवता येते. बढती मिळालेली सोंगटी मारली तरी हातात ती मूळ रूपात येते. बंधनं थोडीच आहेत. एका उभ्या ओळीत तुमचं बढती न मिळालेलं प्यादं आधीच असेल तर तिथे दुसरं उतरवता येत नाही. या चुकीला ‘निफु’ म्हणतात आणि ती केली की डाव जागीच हरला. व्यावसायिक खेळाडूंकडूनही ती होते. २०१५ मध्ये एनएचके (जपानी प्रसारणसंस्था) चषकाच्या उपांत्य फेरीत एका व्यावसायिकाने टीव्हीवर निफु केलं आणि डाव तिथेच संपला. पुढे हलायला जागाच नसलेल्या घरात सोंगटी उतरवायची नाही. आणि प्यादं उतरवून थेट मात करायची नाही. आधीपासून पटावर असलेलं प्यादं पुढे सरकवून मात केली तर मात्र चालते. यामागचं तर्कशास्त्र मला कुणी समजावून दिलेलं नाही, पण या नियमावर उभी असलेली कोडी इतकी सुंदर आहेत की तक्रार करवत नाही.

आता १६०० चा खेळाडू अडकतो कुठे ते पाहू. बुद्धिबळात आपण शिकलेलो असतो की पुढे असलो तर मारामारी करून पट साफ करायचा. घोडा जास्त आहे ना, मग वजीर बदला, हत्ती बदला, एन्डगेमला जा आणि प्यादं वजीर करा. शोगीत हा सल्ला उलटतो. प्रत्येक मारामारीनंतर दोघांच्याही हातात एकेक सोंगटी येते आणि ती पटावरच्या कुठल्याही रिकाम्या घरातून हल्ला करू शकते. पटावरचा उंट काही तिरक्या रेषांवर नजर ठेवून असतो. हातातला उंट सगळीकडे नजर ठेवून असतो. म्हणजे उंटाला उंट मारला की डाव सोपा होत नाही, तो दुप्पट धारदार होतो. बुद्धिबळाचा पट शेवटाकडे रिकामा होत जातो. शोगीत ४० च्या ४० सोंगट्या शेवटपर्यंत खेळात असतात आणि शेवटचा भागच सगळ्यांत गजबजलेला असतो. शांत, मोजून मापून खेळायच्या हत्ती-प्याद्यांच्या एन्डगेमसारखं इथे काहीच नाही. त्यावर वर्षं घालवली असतील तर ती वर्षं इथे बाजूला ठेवावी लागतात.

दुसरा धक्का किमतीच्या हिशेबाचा. जपानी पुस्तकांतही कोष्टकं असतात: प्यादं १, गिन ५, किन ६, उंट ८, हत्ती १०, असं काहीतरी. सुरुवातीच्या भागात ती उपयोगी पडतात. पण शोगीतला एक जुना दंडक सांगतो की शेवटच्या टप्प्यात सोंगट्यांच्या नफ्यातोट्यापेक्षा वेग मोठा. वेग म्हणजे काय तर समोरच्या राजाला मात करायला मला किती चाली लागतील आणि माझ्या राजाला मात करायला त्याला किती. माझ्या तीन आणि त्याच्या चार असतील, आणि चाल माझी असेल, तर हत्ती देऊन एक किन घेणं हा चांगला सौदा असू शकतो. किनच्या बदल्यात हत्ती! बुद्धिबळ खेळणाऱ्याचा हात इथे थरथरतो. मात करण्यासाठी राजाजवळ, अगदी समोरच्या घरात उतरवायला किनइतकी कामाची सोंगटी दुसरी नाही, म्हणून अनुभवी खेळाडू हातातला एक किन शेवटच्या चालीसाठी राखून ठेवतात.

याच हिशेबात ‘झेड’ नावाची एक स्थिती आहे. समोरच्याच्या हातात काहीही आलं तरी माझ्या राजाला या घडीला मात होऊच शकत नाही, अशी खात्री असलेली अवस्था. ती साधली की मी जवळ असेल नसेल ते सगळं उधळू शकतो: हत्ती, उंट, किन, जे समोरच्याचा राजा कोंडेल ते. त्याच्या हातात सोंगट्यांचा ढीग साठला तरी त्याला खेळायला वेळच उरत नाही. बुद्धिबळात बलिदानाला आपण टाळ्या वाजवतो, कारण ते क्वचित दिसतं. शोगीत शेवटच्या ३० चालींत ते रोजचं काम आहे.

एक उदाहरण देतो, शोगीच्या जगात हे सर्वांना माहीत आहे. एनएचके चषकाच्या १९८८ च्या हंगामात १८ वर्षांचा हाबु योशिहारु माजी मेइजिन (शोगीतला एक मानाचा किताब) कातो हिफुमी यांच्याविरुद्ध खेळत होता. त्याने कातोंच्या राजाजवळ, हत्तीनेही मारता येईल आणि किननेही मारता येईल अशा घरात एक गिन उतरवला. वरवर पाहता सोंगटी फुकट गेली. पण हत्तीने मारा किंवा किनने, दोन्हीकडे राजाच्या बचावाची घडी मोडते आणि मात होते. आजही शोगीच्या प्रसिद्ध चालींची यादी करायला बसलं की या गिनचं नाव वर येतं. बुद्धिबळात अशी चाल येण्यासाठी सोंगटी आधी तिथवर पोचवावी लागते, आणि पोचेपर्यंत समोरच्याला ती दिसते. इथे ती हातातून थेट येते.

म्हणून राजाचं संरक्षण हा शोगीत वेगळाच विषय आहे. बुद्धिबळातलं कॅसलिंग एका चालीत उरकतं. शोगीत राजाला एकेक घर चालवत कोपऱ्याकडे न्यायचं आणि भोवती किन-गिन रचायचे, यात दहाएक चाली सहज जातात. या रचनांना नावं आहेत: मिनो, यागुरा, आणि राजाला थेट कोपऱ्यातल्या घरात कोंबून समोर भिंत उभारणारी आनागुमा. हातातून सोंगटी उतरवायला जागा लागते. म्हणून किल्ल्यात रिकामी घरं जितकी कमी तितका राजा सुरक्षित. बुद्धिबळात पळायला एक खिडकी ठेवायची आपल्याला सवय असते. आनागुमात खिडकीच नसते आणि तरी राजा सुरक्षित असतो. हत्ती मूळ जागेच्या आसपास ठेवून खेळायचं की दुसऱ्या ओळीत सरकवायचं, हा इथला पहिला मोठा निर्णय. हत्तीपासून राजा लांब ठेवायचा, कारण लढाई हत्तीच्या बाजूला पेटते.

प्याद्यांबद्दल जरा थांबतो, कारण याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. बुद्धिबळाचं निम्मं डावपेचशास्त्र प्याद्यांच्या साखळीवर उभं आहे: दुहेरी प्यादं, एकाकी प्यादं, अडलेलं केंद्र, पास्ड प्यादं. ही सगळी प्यादी तिरकी मारतात म्हणून शक्य होतं. शोगीतलं प्यादं सरळ मारतं. समोरासमोर आलेली प्यादी अडकत नाहीत, एकमेकांना मारतात. शेजारची प्यादी एकमेकांना आधार देत नाहीत. त्यामुळे केंद्र कुलूपबंद होणं, साखळी, कमकुवत घरांचं जाळं हे सगळं इथे जवळजवळ नाहीसं होतं. त्याऐवजी हातातल्या प्याद्यांची एक वेगळी कारागिरी आहे. समोरच्याच्या गिनच्या डोक्यावर प्यादं टाकून त्याला पुढे ओढायचं, किंवा बढतीच्या मुलुखाच्या उंबऱ्याबाहेर ते ठेवायचं, म्हणजे पुढच्या चालीला बढती. बढती मिळालेल्या प्याद्याला ‘तोकिन’ म्हणतात आणि हल्ल्यातली सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत त्रासदायक सोंगटी तीच. चालतं किनसारखं, पण समोरच्याने मारलं तर त्याच्या हाती पडतं नुसतं प्यादं. हातात प्यादं नसेल तर शोगी हरलीच समजा, अशा अर्थाची म्हण जपानीत आहे, आणि ती अतिशयोक्ती नाही.

बरोबरीचं म्हणाल तर इथे दोन खेळ एकमेकांपासून सर्वांत लांब आहेत. २०१८ मध्ये लंडनला मॅग्नस कार्लसन आणि फाबियानो कारुआना यांच्या जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीत १२ पैकी १२ क्लासिकल डाव बरोबरीत सुटले आणि निकाल रॅपिडवर, म्हणजे कमी वेळेच्या डावांवर, लागला. शोगीत असं होणं कठीण, कारण सोंगट्या संपतच नाहीत. तीच स्थिती, चाल त्याच खेळाडूची आणि हातात त्याच सोंगट्या असं चार वेळा झालं तर डाव रद्द होतो, पण व्यावसायिक सामन्यात बाजू बदलून लगेच पुन्हा खेळायचा असतो. आणि सतत शह देत तुम्हीच ही पुनरावृत्ती ओढली असेल तर हरता तुम्ही. बुद्धिबळात हरता डाव वाचवण्याचा तो हुकमी उपाय इथे बंद आहे. स्टेलमेटचाही (चालच उरली नाही की बरोबरी) आधार नाही. दोन्ही राजे एकमेकांच्या मुलुखात घुसले तर मात्र पेच पडतो. बहुतेक सोंगट्या पुढे बघून मारतात, त्यामुळे मागे पोचलेल्या राजाला मात करणं फार कठीण. मग गुण मोजतात, हत्ती-उंटाचे ५, बाकी प्रत्येकी १, आणि २४ च्या खाली गेलेला हरतो.

आता ‘अवघड कोणता’ या प्रश्नाकडे. आकड्यांनी उत्तर हवं असेल तर बुद्धिबळाच्या एका स्थितीत सरासरी ३५ च्या आसपास चाली शक्य असतात, शोगीत ८० च्या आसपास, आणि शोगीचा डाव लांबही जास्त चालतो. पण यावरून शोगी अवघड ठरत नाही. दोन्ही खेळ माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. किती बाहेरचे याने पटावर बसलेल्याला फरक पडत नाही. माझं मत असं की शोगीत पहिला टप्पा अवघड आहे, कारण हातातून इतक्या घरांत सोंगटी येऊ शकते हे डोळ्यांना दिसायला वेळ लागतो. बुद्धिबळात वरचा टप्पा अवघड आहे, कारण तिथे एका प्याद्याच्या फरकावर ६० चाली झिजत राहायचं असतं आणि समोरच्याने बरोबरी धरून ठेवली तर तोडगाच नसतो. एका खेळातलं प्रावीण्य दुसऱ्यात आपोआप येत नाही. हाबुने १९९६ मध्ये त्या वेळचे सातही किताब एकाच वेळी आपल्याकडे ठेवले होते, शिवाय तो फिडे मास्टर (जागतिक बुद्धिबळ संघटनेचा एक किताब) आहे आणि जपानच्या अव्वल बुद्धिबळपटूंत गणला गेला. तरी २०१४ मध्ये बुद्धिबळाचा माजी विश्वविजेता गॅरी कास्पारोव टोकियोला आला तेव्हा बुद्धिबळाचे दोन्ही डाव कास्पारोवनेच जिंकले. उलट दिशेने पाहिलं तर अमेरिकेचा लॅरी कॉफमन बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर आहे आणि हौशी शोगीतही वरच्या दानपर्यंत (दान म्हणजे दर्जाची पायरी) पोचला. असे लोक आहेत, पण मोजके.

संगणकाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण आज तुम्ही मोबाइलवर डावाचं विश्लेषण करता तेव्हा त्यात शोगीचा हात असतो. डीप ब्लू या संगणकाने १९९७ मध्ये कास्पारोवला हरवलं. शोगीत तशी वेळ उशिरा आली: २०१३ मध्ये पोनान्झा या शोगी प्रोग्रॅमने एका सक्रिय व्यावसायिकाला हरवलं आणि २०१७ मध्ये त्या वेळचा मेइजिन सातो आमाहिको याला दोन्ही डावांत. पण २०१८ मध्ये नासु यु या जपानी प्रोग्रॅमरने शोगीसाठी एक छोटं, साध्या प्रोसेसरवर वेगाने चालणारं न्यूरल नेटवर्क तयार केलं, एनएनयूई. त्यात प्रत्येक सोंगटीचं मोल राजाच्या जागेच्या संदर्भात मोजलं जातं, कारण शोगीत राजापासून तोडलेल्या किमतीला अर्थच नसतो. हेच तंत्र पुढे बुद्धिबळाच्या स्टॉकफिश या इंजिनमध्ये आणलं गेलं आणि सप्टेंबर २०२० मधल्या स्टॉकफिश १२ ची ताकद एकदम वाढली. हल्ली इंजिन प्यादं देऊन राजावर चालून जा म्हणतं आणि आपण चकित होतो. त्या नजरेचा एक धागा शोगीच्या पटावरून आलेला आहे.

मूळ दोघांचं भारतातलंच, चतुरंगातलं. पण नातं पटावर आजही दिसतं ते गिनमध्ये. अकराव्या शतकात अल-बिरुनी या विद्वानाने भारतातल्या खेळाचं वर्णन लिहून ठेवलं, त्यात हत्ती समोर एक घर आणि चार तिरक्या घरांत एकेक घर जातो असं आहे: चार पाय आणि एक सोंड. ही हुबेहूब गिनची चाल. ब्रह्मदेश आणि थायलंडच्या बुद्धिबळातही ती टिकली आहे. आपल्याकडे मात्र हत्ती आता सरळ धावतो. जपानमध्ये सापडलेल्या सर्वांत जुन्या सोंगट्या नाराच्या कोफुकुजी मंदिराच्या आवारातल्या. सोबतच्या लाकडी पट्टीवरून त्या १०५८ च्या ठरतात. मारलेली सोंगटी परत उतरवायचा नियम त्यानंतर काही शतकांनी रुळला, आणि तिथून हा खेळ आपल्या सगळ्या भावंडांपासून वेगळा झाला.

या नियमावरून एक किस्सा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकी अमलाखाली असताना अधिकाऱ्यांनी शोगीच्या मोठ्या खेळाडूंपैकी मासुदा कोझो यांना बोलावलं आणि विचारलं की मारलेल्या सोंगट्या आपल्या बाजूने लढवणं म्हणजे युद्धकैद्यांचा छळ नव्हे का. मासुदांचं उत्तर, ते स्वतः नंतर सांगत त्याप्रमाणे, असं होतं की बुद्धिबळात कैद्यांना मारून टाकतात. आमच्याकडे त्यांना त्याच हुद्द्यावर काम मिळतं. वर हेही सुनावलं की तुमचा राजा संकटात राणीला पुढे करून पळतो. त्यात थोडी भर पडली असेलही, पण मासुदांच्या स्वभावाला शोभणारं आहे.

स्पर्धेच्या जगाची रचनाही वेगळी. आपल्याकडे नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकते आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर होते. भारतात ग्रँडमास्टर आता ८० च्या वर आहेत. शोगीत व्यावसायिक व्हायचं तर प्रशिक्षणार्थींच्या लीगमधून वर यावं लागतं. शेवटच्या पायरीवरून सहसा दर सहा महिन्यांना दोघंच पुढे जातात आणि साधारण २६ व्या वर्षापर्यंत जमलं नाही तर बाहेर. फुजिइ सोता १४ वर्षं २ महिन्यांचा असताना, ऑक्टोबर २०१६ मध्ये, व्यावसायिक झाला, त्याने पहिले २९ डाव सलग जिंकले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आठही किताब त्याच्याकडे होते. मेइजिनच्या लढतीत एकेक डाव दोन दिवस चालतो, प्रत्येकाला ९ तास. वेळ संपली की प्रत्येक चालीला एक मिनिट.

सुरुवात कशी करायची? लीशोगी आणि ८१ डोजो या साइटवर फुकट खेळता येतं. कांजी (जपानी चित्राक्षरं) वाचता येत नसेल तर चिन्हांच्या सोंगट्या निवडता येतात, पण तुम्ही जपानी शिकताच आहात, तर कांजीच्याच सोंगट्या वापरा. आठवड्याभरात डोळा बसतो. सुरुवातीला ओपनिंगची पुस्तकं उघडू नका. मिनो किल्ला बांधायला शिका, हत्ती डावीकडून चौथ्या उभ्या ओळीत सरकवा आणि रोज एक किंवा तीन चालींत मात होणारी कोडी सोडवा. त्यांना त्सुमे-शोगी म्हणतात आणि त्यात हल्ला करणाऱ्याची प्रत्येक चाल शह असावी लागते. (या प्रकारात १५२५ चालींचं कोडं आहे, १९८६ मध्ये रचलेलं. ते सोडवायला बसू नका.)

आणि बळकट खेळाडू भेटला तर सवलत मागायला लाजू नका. बुद्धिबळात वजीर काढून खेळणं आता अपमान वाटतो. शोगीत हत्ती-उंट काढून खेळणं ही शिकवण्याची रुळलेली पद्धत आहे आणि ती चालते, कारण सवलत देणारा मारामारीतून सोंगट्या परत मिळवत राहतो, तुम्हाला शेवटपर्यंत जागं राहावं लागतं. दोन सोंगट्यांच्या सवलतीत हरलात तर डाव मागे नेऊन पाहा की पहिली मारामारी कुणी सुरू केली. बुद्धिबळातून आलेल्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा ती त्यांनीच, पुढे आहोत म्हणून, सुरू केलेली असते.